हलका पाय

पहाटे चारला वाशीच्या भाजी मार्केटात
मी शेवग्याची शेंग कानाशी धरून वाकवते.
गाळ्यावरचा जनार्दन आता विचारत नाही.
आधी म्हणायचा, ताई, आमटीला की मोडायला?
मोडायला.
जून शेंग असली तर करंगळी,
दोन एकत्र बांधल्या तर मनगट.
मानेला मात्र ऊसच लागतो.

कोपरखैरण्याला रो-हाउसची खालची खोली,
भिंतींना गोधड्या, छतालासुद्धा.
ठाणे-बेलापूर रोडचे ट्रक थांबत नाहीत कधीच,
दोन ते चारमध्ये त्यांच्यातली फट जरा रुंद होते, इतकंच.
त्या फटीत मी चालते, पडते, धापा टाकते
पडद्यावरच्यांच्या वतीने.

आमच्या भुताच्या पिक्चरला नाव होतं.
ते इथे घेणार नाही, वकिलांनी सांगितलंय.
गोष्ट साधी: सीवूड्सला चौदाव्या मजल्यावर
रोज रात्री फरशीवर मीठ सापडतं.
झाडून काढलं तरी सापडतं.
खाली कधीकाळी मिठागर होतं.
बाई अख्ख्या पिक्चरमध्ये एकदाच दिसते, पाठमोरी.
बाकीची ती मी आहे:
पत्र्याच्या ट्रेमध्ये नऊ किलो खडे मीठ
आणि माझे अनवाणी पाय, अकरा रात्री.

एका सोसायटीने केस टाकली.
भावना दुखावल्या म्हणून नव्हे, ते तरी समजलं असतं.
फ्लॅटचे भाव पडतील म्हणून.
नवव्या दिवशी पिक्चर उतरला.

पुरस्कारांचा निकाल लागला तेव्हा
मी कलिंगडं ठोकून बघत होते.
तन्वीरचा फोन: ताई, नाही.
परीक्षकांपैकी कुणीतरी खासगीत म्हणालं म्हणे,
काम उत्तम, पण प्रकार हलका.
शिवाय केस चालू आहे, कशाला उगाच.
ध्वनीचं बक्षीस नदीच्या पिक्चरला.
एक म्हातारा, एक होडी, बोलणं जवळजवळ नाहीच.
मानपत्रात लिहिलंय, नदी जणू स्वतःच बोलते.

बोलते ना.
ती नदी माझ्या मुलीच्या आंघोळीच्या टबात केलीय,
निळा टब, कडेला बदक.
वल्हं म्हणजे लाकडी भातवाढी.
आठ हजार रुपये, रोख, नावाशिवाय.
त्याच गोधड्या, तोच महिना,
दोनला नदी, तीनला भूत.

रडले नाही, असं लिहिणार होते.
रडले.
कलिंगड मात्र घेतलं, चांगलं वाजत होतं.

करावे गावात धाकलीबाय मढवी राहतात,
तन्वीरच्या आईकडून सुकट नेणाऱ्या.
लग्न होऊन आल्यापासून मिठागरात,
थेट सिडकोची नोटीस येईपर्यंत.
आम्ही मोबाइलवर पिक्चर दाखवायला गेलो.
दिसत नाय, म्हणाल्या, ऐकव.
हेडफोन पदरावरूनच लावला.
मोबाइल खाटेवर पालथा,
हाताची बोटं मांडीवर हळूहळू काहीतरी मोजत.

"चालतं मिठावच," त्या म्हणाल्या.
"पन पाय हलका परतं.
डोकीव पाटी नाय?"

नव्हती.
लिहिणाऱ्याने लिहिली नव्हती,
दिग्दर्शकाला सुचली नव्हती,
आणि मला, अकरा रात्री त्या मिठात उभी राहून,
मलाही नाही.

त्या रात्री अडीचला ट्रे पुन्हा ओढला.
जुन्या ओढणीची चुंबळ,
वर तांदळाची दहा किलोची गोणी.
माइक लावला नाही.
जोडायचं कशाला, पिक्चर तर कोर्टात पडलाय.
पहिलं पाऊल टाकलं.
मीठ वेगळंच दबलं,
आधी टाच, मग जरा थांबून
मागून आलेलं सगळं अंग.

तन्वीर गोधडीला टेकून ऐकत होता.
बाहेरून एक ट्रक आला.
तो जाईपर्यंत मी तशीच उभी राहिले, मान ताठ.
मग दुसरं.